घर त्याचं, प्रदर्शन तिचं: लंडनमधले चार दिवस

गुरुवार, १४ जुलै २०१६

लग्नानंतर चार्ल्स डिकन्स लंडनमधल्या ज्या ज्या घरांत राहिला, त्यांतलं डाउटी स्ट्रीटवरचं ४८ नंबरचं घर तेवढं आज उभं आहे. बाकीची पाडली गेली. हेही पडायचंच होतं, पण १९२३ साली डिकन्स फेलोशिप या त्याच्या वाचकांच्या मंडळाने ते विकत घेतलं आणि १९२५ मध्ये तिथे संग्रहालय सुरू केलं. इंग्रजी वाचणारे आपले लोक लंडनला गेले की हमखास तिथे जातात आणि दारासमोर फोटो काढून येतात. मला तिथे जायची घाई होती ती वेगळ्या कारणाने. त्या उन्हाळ्यात त्या घरात 'द अदर डिकन्स' नावाचं प्रदर्शन भरलं होतं. हा दुसरा डिकन्स म्हणजे त्याची बायको, कॅथरीन. मे ते नोव्हेंबर एवढीच मुदत, मग सगळं उतरवणार. लिलियन नेडर या अमेरिकन प्राध्यापक बाईंनी कॅथरीनचं मोठं चरित्र लिहिलं आहे. प्रदर्शन उभं होतं ते त्यांच्याच संशोधनावर.

आमचा मुक्काम हॅरोला, नणंदेकडे. हे आणि नणंदेचे यजमान सकाळीच डबे घेऊन लॉर्ड्सला पळाले, कारण इंग्लंड-पाकिस्तान कसोटी त्याच दिवशी सुरू होत होती. आदल्या दिवशी थेरेसा मे पंतप्रधान झाल्या होत्या. गाडीत ज्याच्या त्याच्या हातातल्या फुकट पेपरवर त्यांचाच फोटो. नणंद लंडनला येऊन पंचवीसएक वर्षं झाली, पण डाउटी स्ट्रीटला ती कधी गेली नव्हती. "पुण्यातली माणसं शनिवारवाड्यात कुठे जातात, वहिनी?" असं म्हणून तिने तो प्रश्न मिटवला.

रसेल स्क्वेअरला उतरून चालत निघालो. वाटेत कोरम्स फील्ड्स नावाचं मुलांचं मैदान लागतं. फाटकावरच सूचना आहे: सोबत मूल असल्याशिवाय मोठ्यांना प्रवेश नाही. टाकलेल्या मुलांना सांभाळणारं फाउंडलिंग हॉस्पिटल पूर्वी याच जागेवर होतं. डिकन्सने त्याच्या प्रार्थनामंदिरात पैसे भरून बाक राखून ठेवला होता. तिथून पाच-सात मिनिटांत डाउटी स्ट्रीट. रस्ता रुंद, शांत, दोन्ही बाजूंना विटांची एकसारखी उंच घरं. त्याच्या काळी या रस्त्याला दोन्ही टोकांना फाटकं होती आणि गणवेशातले दरवान. आपण जिला गेटेड सोसायटी म्हणतो, तीच. २५ वर्षांच्या लेखकाने वर्षाला ८० पौंड भाडं कबूल करून इथे घर घेतलं, म्हणजे 'आपलं बरं चाललंय' हे त्याला चारचौघांना दाखवायचं होतं. १८३७ च्या मार्चमध्ये कॅथरीन पहिलटकरीण म्हणून नुकती सावरत होती. थोरला चार्ली तीन महिन्यांचाही नव्हता.

तिकीट शेजारच्या ४९ नंबरमध्ये मिळतं. आत शिरल्यावर घर पहिल्यांदा अरुंद वाटतं. मजल्यावर दोनच खोल्या, एक पुढे, एक मागे, आणि मधून वर चढत जाणारा जिना. तळघरात स्वयंपाकघर, शेजारी भांडी घासायची जागा, कपडे उकळायचं तांब्याचं भांडं बसवलेली धुण्याची खोली आणि दारूचं कोठार. स्वयंपाकघरात जमिनीवर एक साळिंदर ठेवलंय. साळिंदर म्हणजे आपल्याकडचं मोठं नव्हे, तिथलं मुठीएवढं काटेरी. रात्री झुरळं आणि किडे खायला ते घरात पाळत. नणंद तिथेच रमली. तिच्या घरातली चूल गॅसवरून इंडक्शनवर गेल्याचं दुःख तिला अजून आहे.

मला मात्र पहिल्या खोलीपासून एक गोष्ट खटकत होती. घर 'डिकन्सचं' म्हणून इतकं जपलंय की वस्तू वेगवेगळ्या काळांतून गोळा होऊन आल्यात. अभ्यासिकेत जे प्रसिद्ध टेबल आहे, ते या घरातलं नाहीच. ते त्याच्या केंटमधल्या गॅड्स हिलच्या घरातलं. २०१५ मध्ये ७,८०,००० पौंडांच्या सरकारी निधीतून ते संग्रहालयाला मिळालं. वरच्या मजल्यावर मार्शल्सी तुरुंगाच्या गजांचा तुकडा आहे. वडील कर्जापायी तिथे डांबले गेले होते आणि बारा वर्षांचं पोर बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना कागद चिकटवत होतं. हे सगळं बघताना गहिवर येतो, नाही असं नाही. पण त्या टेबलासाठी जमलेला पैसा आणि ज्या बाईने हे घर चालवलं तिच्यासाठी मिळालेले काही महिने, यांचा हिशेब मनात आपोआप होतो. आपल्याच घरात ती त्या वर्षी ठरावीक मुदतीची भाडेकरू होती.

प्रदर्शनात मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते एका छोट्या पुस्तकाने. १८५१ साली छापलेलं. नावाचा अर्थ 'आज जेवायला काय करायचं?' लेखिका म्हणून नाव 'लेडी मारिया क्लटरबक'. हे कॅथरीनचं टोपणनाव. हौशी नाटकात तिने त्या नावाची भूमिका केली होती, तेच तिने पुस्तकासाठी उचललं. आत दोन माणसांपासून अठरा माणसांपर्यंतच्या जेवणांचे बेत आहेत. कृती थोड्याच, त्या शेवटी. मुख्य काम बेत जमवण्याचं: कशानंतर काय, कोणत्या ऋतूत कोणता मासा, आणि शेवटी बहुतेक वेळा भाजलेलं चीज. बेतांत तिच्या माहेरच्या स्कॉटलंडची चव आहे. कालवं भरलेली मेंढीची तंगडीही आहे, तो डिकन्सच्या आवडीचा पदार्थ. पुस्तकाच्या पुन्हापुन्हा आवृत्त्या निघाल्या. पुढच्या शंभर वर्षांतल्या कितीतरी अभ्यासकांनी या बेतांवरून 'बाई जाड का झाली' याचा शोध लावला आणि काहींनी तर पुस्तक त्यानेच लिहून दिलं असणार असाही तर्क केला. अठरा पानांची पंगत कोणी उठवली असेल, असा प्रश्न त्यांतल्या किती जणांना पडला कोण जाणे.

नणंद काचेवर वाकून बेत वाचत होती. "हे आपल्याकडच्या याद्यांसारखं नाही गं. आपण पदार्थ लिहितो. हिने माणसं मोजलीत."

दुसरा फलक अमेरिकेचा. जानेवारी १८४२ मध्ये दोघं लिव्हरपूलहून 'ब्रिटानिया' बोटीने निघाली. चार मुलं मागे ठेवायची, धाकटा वॉल्टर वर्षाचाही नाही. कॅथरीनला जायचं नव्हतं, ती रडली, आणि मग गेली. बोटीत वादळ, पुढे कालव्यांतल्या नावा, खडखडत्या घोडागाड्या, आणि गावोगाव नवऱ्याला बघायला आलेली गर्दी. सहा महिने तिने हे निभावलं. मॉन्ट्रियलला तर ती रंगमंचावरही उभी राहिली आणि फार छान काम केलं, असं खुद्द त्यानेच कौतुकाने कळवलं आहे. याच बाईला पुढे तो आळशी, धांदरट आणि मुलांबद्दल बेफिकीर ठरवणार होता.

तरुणपणच्या पत्रांतून तो तिला लाडाने उंदीर म्हणतो, कधी चक्क डुक्कर. "आपल्याकडे असं म्हटलं असतं तर पहिल्याच दिवाळीला माहेरी," नणंद म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावर मेरी हॉगार्थची खोली आहे. मेरी म्हणजे कॅथरीनची धाकटी बहीण. बहिणीला सोबत म्हणून येऊन राहिलेली. ६ मे १८३७ च्या रात्री तिघं नाटक बघून परतली. मेरी झोपायला म्हणून वर गेली आणि कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. वय १७. डिकन्सने तिच्या बोटातली अंगठी आपल्या बोटात घातली ती आयुष्यभर. चालू असलेल्या दोन्ही कादंबऱ्यांचे हप्ते त्याने चुकवले. पुढे कित्येक गोड, निष्पाप, अकाली मरणाऱ्या मुली त्याच्या लिखाणात आल्या, त्यांचं मूळ याच खोलीत शोधतात. हे मी वाचलेलं होतं. नव्हतं वाचलं ते एवढंच, की त्या धक्क्यात कॅथरीनचा गर्भपात झाला. गेली होती तिची सख्खी बहीण. चरित्रकारांनी सुतक मात्र मेहुण्याला दिलं.

त्यानंतरचा एक फलक नुसत्या जन्मतारखांचा म्हणावा असा. १८३७ ते १८५२, पंधरा वर्षांत दहा मुलं, शिवाय मध्ये पडलेली. त्यांतल्या मेमी आणि केटी याच घरात जन्मल्या. १८४९ मध्ये हेन्रीच्या वेळी डिकन्सने क्लोरोफॉर्म द्यायला लावला. तेव्हा ते अगदी नवं होतं, डॉक्टरही बिचकत होते. त्याचं हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. आणि गंमत म्हणजे इतक्या मुलांबद्दल तो मित्रांजवळ कुरकुर करायचा ती अशा सुरात, जणू हा बायकोचा एकटीचाच उद्योग.

प्रदर्शनावर माझा एक आक्षेप आहे. कॅथरीन लेखिका होती, नटी होती, प्रवासी होती, यजमानीण होती, हे फलक पुन्हापुन्हा पटवून देतात. ठीक आहे, होती. पण समजा नसती? समजा ती खरंच मंद, घरकोंबडी, कसलीही चमक नसलेली बाई असती, तर पुढे नवऱ्याने तिला घरापासून दूर केलं ते रास्त ठरलं असतं का? तिला कर्तबगार सिद्ध केल्याशिवाय तिच्यावरचा अन्याय दिसणार नाही, हा हिशेब मला जरा त्याच्याच बाजूचा वाटला. नणंदेचं मत वेगळं. तिच्या मते बिनकामाच्या बाईचं प्रदर्शन भरवलं असतं तर तिकीट काढून कोण आलं असतं? ४९ नंबरमधल्या कॅफेत कॉफी संपेपर्यंत हे चाललं.

रात्री घरी दुसराच विषय. मिस्बाहने शतक ठोकून मैदानावर जोर काढले होते, आणि दोन मराठी गृहस्थ ते दिवाणखान्यात करून दाखवत होते.

शुक्रवार, १५ जुलै

प्रदर्शनाचा शेवट १८५८ मध्ये होतो, पण ते सगळं घडलं दुसऱ्या घरात. म्हणून आज टॅव्हिस्टॉक स्क्वेअर. मधोमध गांधीजी मांडी घालून बसलेत. फ्रेडा ब्रिलियंट या शिल्पकार बाईंचा हा पुतळा १९६८ सालचा. पायाशी ताजी फुलं होती. चौकाच्या एका बाजूला ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची भली मोठी लाल विटांची इमारत आहे. तिच्याच जागेवर टॅव्हिस्टॉक हाउस होतं. डिकन्सचं कुटुंब तिथे १८५१ पासून राहत होतं. आता भिंतीवर पाटी आहे, तेवढंच.

१८५७ च्या उन्हाळ्यात एका नाटकाच्या प्रयोगासाठी व्यावसायिक नट्या हव्या होत्या. त्यांत एलेन टर्नन आली. ती १८ ची, तो ४५ चा. ऑक्टोबरमध्ये त्याने घरातल्या जुन्या मोलकरणीला पत्र लिहून कळवलं की माझं अंथरूण कपडे बदलायच्या खोलीत हलवा आणि तिथून शयनगृहात उघडणारं दार बंद करून तिथे फळ्या ठोका. हे बायकोला सांगायचं धाडस नव्हतं की गरज वाटली नाही, देव जाणे. पुढच्या मे महिन्यात कॅथरीन घराबाहेर पडली.

लोक कुजबुजायला लागले तेव्हा त्याने जे केलं ते आजच्या कुठल्याही प्रसिद्ध माणसाच्या सल्लागाराने करू दिलं नसतं. जून १८५८ मध्ये त्याने आपल्याच साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर निवेदन छापलं: अफवांवर विश्वास ठेवू नका. ज्यांना अफवा माहीत नव्हत्या त्यांनाही कळल्या. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने ते छापलं नाही म्हणून त्याच्या प्रकाशकांशी, ब्रॅडबरी अँड इव्हान्सशी, त्याने जुने संबंध तोडले. आणखी एक पत्र त्याने आपल्या व्यवस्थापकाकडे दिलं होतं, हवं त्याला दाखवायला. ते ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या पेपरात आलं. त्यात लिहिलं होतं की कॅथरीनला अधूनमधून मानसिक विकाराचा त्रास होतो, आणि मुलांना खरी आई म्हणून सांभाळलं ते तिच्या बहिणीने, जॉर्जिनाने.

ही जॉर्जिना, दुसरी धाकटी बहीण, १५ व्या वर्षी त्यांच्या घरी राहायला आली होती. बहीण घराबाहेर गेली आणि मेहुणी घरातच राहिली. शेवटपर्यंत, डिकन्स जाईपर्यंत. हॉगार्थांच्या माहेरी याने काय उलथापालथ झाली असेल ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. नणंद बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "वहिनी, मी असते ना, तर मी तुझ्याबरोबर बाहेर पडले असते." मी म्हटलं, "तू माझी बहीण नाहीस, नणंद आहेस. तुला भावाच्याच घरी राहावं लागलं असतं." "तेच तर," ती म्हणाली.

मुलांमधला एकटा थोरला चार्ली आईबरोबर गेला. कायद्याने मुलं बापाची. घटस्फोटाचा नवा कायदा त्याच वर्षी जानेवारीत लागू झाला होता, पण बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा असंच काही दाखवावं लागे. तेव्हा वेगळं राहण्याचा करार झाला आणि तिला वर्षाला ६०० पौंड ठरले.

त्या पैशांत ती जिथे राहिली ते ठिकाण बघायला दुपारी कॅम्डन टाउनला गेलो. इनव्हर्नेस स्ट्रीटचा बाजार ओलांडला की ग्लॉस्टर क्रेसेंट नावाचा बाकदार रस्ता लागतो. ७० नंबरचं घर. आत कुणीतरी राहतं, त्यामुळे समोरच्या फुटपाथवरून बघायचं आणि पुढे व्हायचं. घर चांगलं आहे, मोठं आहे. तिला रस्त्यावर आणलं नव्हतं, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. याच रस्त्यावर ॲलन बेनेट या नाटककाराच्या अंगणात एक निराधार बाई आपल्या व्हॅनमध्ये पंधरा वर्षं राहिली. रस्त्याला घराबाहेरच्या बायकांची सवय दिसते.

या घरात तिला वॉल्टरची बातमी कळली. वॉल्टर तोच, अमेरिकेला जाताना मागे ठेवलेला. १६ व्या वर्षी, १८५७ च्या जुलैमध्ये त्याला कंपनीच्या सैन्यात हिंदुस्थानात धाडलं. उठावाच्या ऐन धुमश्चक्रीत. लढाया पाहिल्या, कर्ज केलं, आजारी पडला. घरी परतायला म्हणून कलकत्त्याला पोचला आणि ३१ डिसेंबर १८६३ ला तिथल्या अधिकाऱ्यांच्या इस्पितळात गेला. वय २२. बातमी लंडनला पोचली ती ७ फेब्रुवारीला, बापाच्या वाढदिवशी. धाकटा भाऊ फ्रँक नुकताच बंगालच्या पोलिसात नोकरीला निघाला होता. भाऊ भेटेल म्हणून तो उतरला, तर भाऊ नाही. आणि डिकन्सने मुलाच्या मृत्यूवर कॅथरीनला एक ओळही लिहिली नाही. पहिल्या दिवसापासून मी त्याच्याविषयी मधूनमधून सबबी शोधत होते. क्लोरोफॉर्म, ६०० पौंड, बालपणीचा कारखाना. या एका गोष्टीला मला सबब सापडली नाही. वॉल्टरचा दगड १९८७ मध्ये भवानीपूरहून कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आणून ठेवला आहे. तिकडे जाणाऱ्यांनी बघावा.

शनिवार, १६ जुलै

हायगेट दफनभूमी. आर्चवे स्थानकाला उतरून चढण चढायची आणि वॉटरलो पार्कातून जायचं. पूर्वेच्या भागात कार्ल मार्क्स आहे. तिथे तिकीट काढून मोकळं फिरता येतं. पश्चिमेचा भाग जुना, झाडीत बुडालेला, आणि तिथे तेव्हा वाटाड्याशिवाय सोडत नसत. आमच्या गटाची वाटाडी एक सेवाभावी म्हातारी होती. उत्साह असा की आम्ही धापा टाकतोय आणि ती चढावर बोलते आहे. तिने आम्हाला इजिप्शियन पद्धतीचे खांब असलेली वाट दाखवली, मधोमध प्रचंड देवदार असलेलं थडग्यांचं वर्तुळ दाखवलं, प्राण्यांचे फिरते खेळ दाखवणाऱ्या वॉम्बवेलच्या थडग्यावर झोपलेला त्याचा दगडी सिंह दाखवला. फेरीत कॅथरीन नव्हती. विचारल्यावर तिला आनंदच झाला. डिकन्सचे आईवडील इथेच आहेत. तो स्वतः वेस्टमिन्स्टर ॲबीत. आणि कॅथरीनच्या सोबतीला आठ महिन्यांची होऊन १८५१ मध्ये गेलेली तिची मुलगी डोरा. जागा साधी, आजूबाजूच्या देवदूतांच्या आणि कलशांच्या गर्दीत लक्षही जाणार नाही अशी. माहीत नसेल तर शेजारून निघून जाल.

२२ नोव्हेंबर १८७९ ला ती गेली, कर्करोगाने. त्याच्यानंतर नऊ वर्षांनी. शेवटच्या आजारात तिने केटीला बोलावून त्याच्या पत्रांचा गठ्ठा दिला. ही ब्रिटिश म्युझियमला दे, म्हणजे एके काळी त्याचं माझ्यावर प्रेम होतं हे जगाला कळेल. केटी कित्येक वर्षं घुटमळली. जाळून टाकावीत असंही तिच्या मनात होतं. बर्नार्ड शॉने तिला तसं करू नको म्हणून सांगितलं, आणि शेवटी १८९९ मध्ये पत्रं म्युझियमला गेली. ती छापून आली १९३५ मध्ये. कॅथरीनने त्याला लिहिलेल्या पत्रांचं काय? १८६० च्या सप्टेंबरमध्ये त्याने गॅड्स हिलच्या मागच्या शेतात वीस वर्षांचा पत्रव्यवहार टोपल्या भरभरून आणून पेटवला होता. मुलं तो जाळ बघत होती. म्हणजे या लग्नात जे बोललं गेलं त्यातली त्याची बाजू बायकोने जपली, आणि तिची बाजू कुठे गेली ते कुणी सांगायला नको. डाउटी स्ट्रीटच्या फलकांवर तिचा आवाज इतका कमी का ऐकू येत होता, ते मला इथे चढ उतरताना नीट समजलं. माल कमी होता. आहे त्यात त्यांनी बरंच केलं होतं.

केटी म्हातारपणी मोकळी बोलली. आई घर सोडून गेली तेव्हा बाबा वेड्यासारखे वागत होते, घरात सगळ्यांचं दुःख होतं, असं तिने एका मैत्रिणीला सांगून ठेवलं. आपण सगळी मुलं वाईट वागलो, आईची बाजू घेतली नाही, असंही.

मार्क्सलाही भेटून आलो. नणंदेचा आग्रह. तिथे रांग होती.

रविवार, १७ जुलै

रविवारी वेस्टमिन्स्टर ॲबी पर्यटकांना बंद असते, प्रार्थनेला मात्र कुणीही जाऊ शकतं, आणि तेव्हा तिकीट नसतं. दुपारच्या प्रार्थनेला जाऊन बसलो. मुलांच्या गाण्याचे स्वर त्या उंच छताखाली ऐकणं हा वेगळाच अनुभव आहे, त्याबद्दल कधीतरी सविस्तर. कवींच्या कोपऱ्यात डिकन्सची फरशी आहे. काळी, साधी, नाव आणि तारखा. त्याला इथे पुरून घ्यायचं नव्हतं. गाजावाजा नको म्हणून मृत्युपत्रात बजावलं होतं. त्याच मृत्युपत्राची पहिली ओळ मला जास्त आठवते: एलेन टर्ननला १००० पौंड. जॉर्जिनाला ८०००. कॅथरीनला ८००० पौंडांवरचं व्याज हयातभर, आणि त्यापुढे, मी तिला वर्षाला ६०० देत आलोय, मुलांचा सगळा खर्चही माझ्यावरच, याची नोंद जगाच्या माहितीसाठी. मेल्यावरही हिशेब दाखवल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

घरी आलो तर पाकिस्तान कसोटी जिंकलेलं. हे त्या शोकात.

पुढचं, २०१९ मधलं

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे त्या नोव्हेंबरमध्ये उतरवलं गेलं. घर पुन्हा त्याचं झालं. अडीच-तीन वर्षांनी बातमी आली. जॉन बोवेन या ब्रिटिश प्राध्यापकांना हार्वर्डच्या संग्रहात एडवर्ड डटन कुक नावाच्या पत्रकाराची पत्रं सापडली. कुक हा कॅथरीनचा अखेरच्या दिवसांतला शेजारी. तिने त्याच्याजवळ मन मोकळं केलं होतं, आणि ती गेल्यावर त्याने ते एका मित्राला लिहून कळवलं: दहा मुलं झाली, रूप गेलं, नवऱ्याला ती नकोशी झाली. त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात घालायचाही प्रयत्न केला. वेड सिद्ध करण्याचा कायदा कितीही ढिला असला तरी तो त्याला हवा तसा वाकवता आला नाही.

'मानसिक विकार' हे त्या १८५८ च्या पत्रातले शब्द मग निराळेच वाटायला लागतात. डाउटी स्ट्रीटच्या फलकावर ते वाचताना मी त्यांना रागाच्या भरातलं बोलणं समजून पुढे सरकले होते. कुकची पत्रं तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती, त्यामुळे प्रदर्शनात ती असणं शक्यच नव्हतं. मी बातमी नणंदेला पाठवली. तिचं उत्तर रात्री आलं, तिथल्या वेळेप्रमाणे ती कामावरून सुटल्यावर: "वहिनी, आता त्यांना परत भरवायला सांग. या वेळी तिकीट मी काढते. आणि कॅफेत तुझं ऐकून घेणार नाही."